मनमिळाऊ व मितभाषी

शिक्षिकांच्या खोलीत शालन मोठ्याने हसली. हसून झाल्यावर तिला कळलं की ते हसणं आपलंच होतं. समोर वह्या तपासत बसलेल्या शिवणाच्या बाईंनी मान वर करून चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. वडील जाऊन महिनाही न झालेल्या बाईने असं हसावं, हे त्यांना बरं वाटलं नसावं, किंवा कदाचित बरंच वाटलं असेल. शालनच्या हातात निपाणीच्या ‘शिलंगण’ साप्ताहिकाचा अंक होता. दर आठवड्याला तो टपालाने बेळगावला यायचा, भोवती खाकी कागदाची पट्टी, पट्टीवर शाळेचा पत्ता. युद्ध संपून वर्ष झालं तरी कागद धड मिळत नव्हता, म्हणून आठ पानांचा ‘शिलंगण’ चारच पानांचा झाला होता, आणि त्या पातळ कागदातून मागची बातमी पुढच्या बातमीत सावलीसारखी उतरायची. तिसऱ्या पानावर, तंबाखूचे दर आणि हरवलेल्या म्हशीची जाहिरात यांच्या मध्ये तीन ओळी होत्या. ‘येथील तंबाखूचे जुने व्यापारी श्री. आप्पाण्णा भुजगोंडा मगदूम यांचे नुकतेच अल्पशा आजाराने निधन झाले. ते मनमिळाऊ व मितभाषी होते. त्यांच्या पश्चात मुलगा, मुलगी, नातवंडे असा परिवार आहे.’

मितभाषी. आप्पा! तिने पुन्हा वाचलं आणि या वेळी हसू आलं नाही. घरी इतकी माणसं भेटायला आली, पाणी पिऊन गेली, ‘सोनं झालं म्हाताऱ्याचं’ म्हणून गेली, तेव्हा ती कोरडीच होती; लोकांना उठायला-बसायला चटया घालत होती. पण गेले काही दिवस तिला एक भीती लागून राहिली होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आप्पांचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता, पागोट्याचा पीळ, कानातली भिकबाळी, सगळं येत होतं. आवाज येत नव्हता. त्यांचं एखादं वाक्य आठवायला गेलं की ते तिच्या स्वतःच्या आवाजात ऐकू येई, शाळेत धडा वाचून दाखवावा तसं. आणि आता हे छापून आलं होतं. छापलेलं राहतं. पन्नास वर्षांनी कुणी जुना अंक काढला तर त्याला निपाणीत आप्पाण्णा मगदूम नावाचा एक गप्प माणूस होऊन गेला, एवढंच कळेल. तिने वहीतला कागद फाडला आणि वर्तमानपत्राला शोभेल अशा भाषेत लिहिलं : ‘गेल्या अंकात प्रसिद्ध झालेल्या वृत्तात दुरुस्ती. कै. आप्पाण्णा मगदूम हे मितभाषी नव्हते.’ कागदाची घडी करून पाकिटात टाकली आणि शनिवारची सकाळची शाळा सुटल्या सुटल्या ती मोटारीत बसली.

मोटार अजून कोळशाच्या गॅसवर चालत होती. हत्तरगीपर्यंत ती बरी गेली, संकेश्वरला थांबून तिने बराच वेळ दम खाल्ला. खिडकीजवळ बसलेल्या शालनला धुराचा वास येत होता आणि त्यामागून, अजून कितीतरी मैल आधीच, तंबाखूचा वास येतोय असं वाटत होतं. तो खरा नव्हता. निपाणीचं माणूस परगावी गेलं की त्याला कुठेही हा वास येतो. पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात असताना एका पावसाळी दुपारी ग्रंथालयात तिला तो आला होता आणि हातातली कादंबरी तशीच राहिली होती. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला, तेव्हा आप्पांनी तिला पुण्याला शिकायला पाठवलं. सासरच्यांशी, माहेरच्या भाऊबंदांशी, बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या पंचांशी, सगळ्यांशी ते त्यासाठी बोलले. बोलले म्हणजे भांडले. कानडीत सुरू करायचे, रंगात आले की मराठीत यायचे, आणि समोरचा गप्प झाला की ‘मग? ठरलं तर!’ म्हणून पागोटं सारखं करायचे. पुण्यामुंबईची मोठी वर्तमानपत्रं ती पुढे रोज वाचू लागली. त्यांत जग असायचं. लढाया, परिषदा, कोण कुणाला काय म्हणालं ते सगळं. पण त्यातलं काहीच तिला आधी माहीत नसे, म्हणून त्यातलं काही खोटं असलं तरी कळत नसे. ‘शिलंगण’चं तसं नव्हतं. बाजाराच्या दिवशी अंक निघेपर्यंत त्यातली प्रत्येक गोष्ट गावाला ठाऊक झालेली असायची. अंक घ्यायचा तो बातमी कळायला नव्हे. संपादक नरहरपंतांनी ती कशी घातलीय, काय गाळलंय, कुणाला सांभाळलंय, हे बघायला.

आणि जे गाळलं ते आप्पा घालायचे. बाजाराच्या दिवशी दुपार कलली की आमच्या दुकानाच्या कट्ट्यावर माणसं जमायची, असं ती पुण्याच्या मैत्रिणींना सांगायची तेव्हा त्यांना ते गमतीचं वाटायचं. ‘कुंद्रू, कुंद्रू,’ असं कानडीत म्हणत आप्पा सगळ्यांना बसवायचे, अंक गुडघ्यावर पसरायचे आणि आधी एखादी बातमी नीट, शाळेतल्यासारखी वाचायचे. ‘म्युनिसिपालिटीच्या सभेत पाण्याच्या प्रश्नावर खेळीमेळीने चर्चा झाली.’ मग अंक खाली ठेवायचे. ‘खेळीमेळीनं झाली. बाळगोंडा पाटलाचा पटका अजून सापडला न्हाय.’ कट्टा हसायचा. मग तो पटका कुणी ओढला, का ओढला, त्या दोघांच्या आज्यांचं काय वैर होतं, सगळं यायचं. ‘शिलंगण’ची एक ओळ आणि आप्पांचा पाव तास, असं ते चालायचं, आणि आतल्या खोलीत बसून गणितं करणाऱ्या शालनला लहानपणी कितीतरी दिवस असंच वाटत असे की वर्तमानपत्रात हे सगळंच लिहिलेलं असतं. स्वतः वाचायला लागल्यावर, एका बाजाराच्या दिवशी तिने अंक आधीच उघडून पाहिला, तेव्हा ती केवढी हिरमुसली होती. एवढंच? एवढंसंच असतं? बेचाळीस साली एक अंक निघाला त्यात पहिल्या पानाचा निम्मा रकाना कोरा होता. सरकारने मजकूर काढायला लावला होता आणि पंतांनी जागा भरली नाही. त्या दिवशी आप्पांनी तो कोरा रकाना कट्ट्यावर वाचून दाखवला होता. चष्मा लावून, ओळीवरून बोट फिरवत, मध्ये पान झटकत. वाचत होते आणि सांगत होते, कुठल्या गावात तार तुटली, कुणाला धरून नेलं, कुणाच्या पोरीने फौजदाराला काय उत्तर दिलं. फौजदार स्वतः कोपऱ्यावर उभा राहून ऐकत होता असं म्हणतात. शालन तेव्हा बेळगावला होती. हे तिला पद्मराजने, तिच्या धाकट्या भावाने, नंतर सांगितलं. सांगता सांगता तो आप्पांची नक्कल करायला गेला आणि त्यालाही ती जमली नाही.

तवंदीचा घाट उतरताना मोटारीने पुन्हा धूर ओकला. खाली गाव दिसलं, वखारींचे पत्रे, बस्तीचं शिखर, आणि आता खरोखरच वास आला. मोटार-स्टँडवर उतरताच दोन शिंका आल्या. इथे बाहेरून आलेल्या माणसाला शिंका आल्या की लोक पाव्हणा ओळखतात. ‘पाव्हणं, कुटनं?’ एका हमालाने विचारलंच. ‘इथलीच आहे रे मी,’ असं ती म्हणाली, आणि तिला उगीच बरं वाटलं.

पद्मराज वखारीत होता. तिने त्याला अंक दाखवला तेव्हा त्याने तो वाचून शांतपणे परत दिला. ‘वाचला की. चांगलं आलंय.’

‘चांगलं? आप्पा आणि मितभाषी?’

‘आक्का, समद्यांचं तसंच येतंय गं. तू शाळेतली बाई, तुला लगीच चूक दिसती.’ आणि मग डोळे बारीक करून, ‘जेऊन जा. दिवस मावळायच्या आत निघायचं असंल तर आत्ताच वाढायला सांगतो.’ मितभाषी कुणी असेल तर हा, असं तिच्या मनात आलं. तो आईवर गेला होता. जेवण करून ती निघाली. ‘शिलंगण’चा प्रेस दोन गल्ल्या सोडून होता. दुपारचं ऊन भिंतींवर होतं, वखारींच्या दारांत बायका जाळीच्या चाळण्यांतून तंबाखू चाळत होत्या, नाकातोंडावर पदर बांधलेल्या, फक्त डोळे दिसत होते. पाकिटातल्या चिठ्ठीचा विचार करताना तिला आता जरा लाज वाटत होती, पण ती परत फिरली नाही. एवढं एक आपण करू. त्यांच्या नावासमोरचा तो शब्द काढू. मग आवाज नाही आठवला तरी चालेल, असा काहीतरी सौदा तिने स्वतःशी केला होता.

प्रेस म्हणजे एक लांबट खोली, पुढे नरहरपंत हुद्दारांचं टेबल, मागे पायाने चालवायचं यंत्र आणि भिंतीला छपाईच्या खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या पेट्या. पेट्यांपाशी मष्णू, खिळे जुळवणारा, उभ्या उभ्या जुळवत होता. पंत आता वाकले होते. शालनला पाहून ते उठायला गेले. ‘ये, शालन, ये. बस. मष्णू, चहा सांग रे. तुझं सांत्वन करायला येणार होतो मी, पण अंकाच्या गडबडीत…’

‘काका,’ ती म्हणाली, ‘आप्पा मितभाषी होते?’

पंतांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. ‘नव्हते,’ ते म्हणाले. ‘कोण म्हणतं?’

‘तुम्हीच म्हणता. तिसऱ्या पानावर.’

‘ते होय!’ पंत हसले. ‘ते मी कुठे म्हणतो? ते तयारच असतं. मष्णू, दाखव रे तिला.’

मष्णूने पेटीवरच्या फळीवरून दोऱ्याने बांधलेला खिळ्यांचा एक ठोकळा आणला आणि तिच्या पुढे धरला. शाईने काळा पडलेला, कडा झिजलेल्या. ‘ह्ये बगा, आक्का. नाव, धंदा, घरची मान्सं तेवढी काडायची, दुसरी बसवायची; बाई असली तर ‘ते’चं ‘त्या’. बाकीचं आपलं हाय तसं. मी इतं लागल्यापास्नं हाय ह्ये.’ शालनने वाकून पाहिलं. अक्षरं उलटी होती, उजवीकडून डावीकडे; शिकवण्याच्या सवयीने तिने ती हळूहळू लावली. मनमिळाऊ. मितभाषी. आप्पांचं नाव काढलेलं होतं आणि तिथे जागा धरायला लाकडाची पट्टी बसवली होती. ‘म्हणजे गावातलं जे जे कुणी…’

‘सगळे,’ पंत म्हणाले. ‘सावकार, हमाल, गुरव, गेल्या साली गेलेला तो तुमच्या बस्तीतला बाजाची पेटी वाजवणारा. गावात मेलेलं माणूस कसं होतं हे गावाला ठाऊकच असतं गं. त्यात मी काय सांगणार? आणि खरं लिहायला बसलो तर रोज कुणीतरी काठी घेऊन दारात.’ त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ‘काढायचं असलं तर काढतो. दुरुस्ती देतो पुढच्या अंकात. तू म्हणशील तशी. पण हे पहिल्यांदा कुणासाठी जुळवलं, ते तुला माहीत नसेल. तू केवढीशी होतीस.’

चहा आला. पंतांनी तिच्या हातात कप दिला आणि मग सांगितलं. पेपर सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आप्पाण्णा एक दिवस सकाळीच आला. तारामती, म्हणजे शालनची आई, दोन दिवसांपूर्वी गेली होती. इथेच, या बाकावर बसला. पंतांनी विचारलं, ‘आप्पाण्णा, तिच्याबद्दल काय घालू?’ गावातल्या गाढवाबद्दल विचारलं तर अर्धा तास बोलणारा माणूस. बोलेचना. मष्णूच्या आधी जो जुळारी होता तो उभा, पंत लेखणी घेऊन बसलेले, आणि हा गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘लिव्हा… समद्यांच्यात मिसळायची. बोलायची कमी.’ बास. उठून गेला. ‘मी त्याचं छापायच्या मराठीत केलं. पुढच्या आठवड्यात कुणी तरी म्हातारा गेला, त्याचा मुलगा आला, म्हणाला, मगदूमाच्या बायकोला घातलंत तेच आमच्या बाऽला घाला, ब्येस हाय. तेव्हापासून दोरा सोडलेला नाही.’

शालनने कप खाली ठेवला. तिला आई आठवली. आठवली म्हणजे तिचा एक दरवाजा आठवला. कट्ट्यावर आप्पांचं वाचन रंगात आलेलं, ऊन खाली उतरलेलं, आणि आता जेवलं नाही तर दिवस मावळणार आणि मावळल्यावर जेवायचं नाही, अशा वेळी आई आतून यायची आणि दाराच्या चौकटीत नुसती उभी राहायची. हाक नाही, खाकरणं नाही. आप्पा पाठमोरे असायचे तरी त्यांना कळायचं. वाक्याच्या मध्ये थांबून ते अंकाची घडी घालायचे. आई गेल्यावरही पुष्कळ वर्षं ते तसेच, पाठमोरेच, मध्येच थांबत. आणि आणखी एक गोष्ट तिला आता आठवली, जी तिने शेकडो वेळा ऐकली होती आणि कधी ऐकलीच नव्हती. कुणाच्या निधनाची बातमी आली की आप्पा ती सावकाश वाचत, प्रत्येक शब्द वेगळा, आणि मग काहीही न सांगता पुढच्या बातमीवर जात. कट्ट्यावरची माणसं वाट बघत, कारण गेलेल्या माणसाच्या एकेक भानगडी आप्पांना तोंडपाठ असत. आप्पा पान उलटत. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणून असेल, असं तिला वाटायचं. आता तिला वाटलं, दर आठवड्याला, दोन आठवड्यांना, कुणीतरी जायचं आणि आप्पा गावासमोर ती दोन विशेषणं मोठ्याने वाचायचे, एवढंच. गावभरच्या मेलेल्यांच्या अंगावर आईचं वस्त्र पांघरलेलं होतं. आणि शेवटी ते आप्पांच्याही अंगावर आलं होतं. तिचे डोळे भरले, पण ते दुःख नव्हतं, किंवा नुसतं दुःख नव्हतं. थंडीच्या दिवसांत उन्हाला बसल्यावर पाठीला जे वाटतं तसलं काहीतरी होतं.

दारात कुणीतरी पायताण झटकलं. डोक्याला मुंडासं, खुरटी दाढी, साधारण चाळिशीचा एक माणूस उंबऱ्यावर उभा राहिला. ‘पंत, हायसा का?’

‘ये रे भरमा,’ पंत म्हणाले, आणि शालनला हलक्या आवाजात, ‘नागुबाईचा मुलगा. वखारीत चाळायला असायची ना, ती. परवा गेली.’

भरमा आत येऊन टेबलाच्या कडेला उभा राहिला. ‘पेपरात घालायचं व्हतं आईचं. त्ये असतंय बगा समद्यांचं, मन… मनमिळाऊ आनि त्ये फुडचं.’

पेट्यांपाशी मष्णू फिस्सकन हसला. ‘नागुबाई आनि मितभाषी! आरं, तुजी आय बोलाय लागली की वखारीवरची कबुतरं उडायची.’

‘उडू देत की,’ भरमा म्हणाला. ‘आता गप हाय न्हवं?’

भरमा मष्णूकडे वळला. ‘आनि आप्पाण्णा शेटना घातलंसा ते? ते काय कमी बोलत हुते व्हय? त्येंना चालतंय, आनि आमच्या आईला चालत न्हाय?’ मष्णूने डोळ्यांनी शालनकडे खूण केली. भरमाने तिला आता पाहिलं, ओळखलं, आणि त्याचा हात मुंडाशाकडे गेला. ‘चुकलं वो, आक्का. मी आपलं…’

‘काही चुकलं नाही,’ शालन म्हणाली. ‘खरं तेच बोललात.’ मग ती मष्णूला म्हणाली, ‘नागुबाईंचं नाव बसवा. पूर्ण नाव विचारून घ्या यांना.’

‘आणि तुझी दुरुस्ती?’ पंतांनी विचारलं.

‘राहू द्या, काका. आहे ते बरोबर आहे.’

मष्णूने नाव विचारलं, भरमाने सांगितलं, आणि लाकडाची पट्टी काढून टाकल्याचा बारीक आवाज झाला. दूर स्टँडवर बेळगावच्या मोटारीने शिंग वाजवलं. शालनने ते ऐकलं आणि ती उठली नाही. भरमा मात्र जायला निघून पुन्हा थांबला होता. सांगावं की न सांगावं असं त्याला झालं होतं. ‘आक्का, तुमास्नी ठावं न्हाय,’ तो म्हणाला, ‘तुमचं आप्पा आनि आमची आई, दोघांचं एकदा लई लागलं हुतं. असंच पेपरावनं. नळावर भांडान झालतं, पेपरात आलतं, दोन स्त्रियांत बाचाबाची. त्यातली एक आमची आईच. शेट आपलं कट्ट्यावर बसून त्यातलं राहिल्यालं सांगाय लागलं, आनि आई वखारीतनं तंबाखूच्या हातानं तशीच भायेर आली. म्हनली, शेट, तुमी हुतासा का तितं? मी हुते. आनि शेटच्या हातातला पेपर वडून घेतला की! उलटा धरला, तिला काय वाचाय येतंय? आनि डोळ्याम्होरं धरून जे वाचाय लागली म्हंतासा, तिनं नळावर त्या बाईला काय म्हटलं, तिनं हिला काय म्हटलं, समदं. बाजार हुबा ऱ्हायला. लोकं हसून पडाय लागली. शेट आपलं तिच्याकडं बगत बसल्यालं.’

शालन बाकावर पुढे सरकली. ‘मग?’ ती म्हणाली. ‘मग आप्पा काय म्हणाले?’

भरमाने पायताणं काढून बाजूला ठेवली आणि नीट मांडी घातली.